भूक गोळीची आहे

नमस्कार श्रोतेहो.

माझा धाकटा भाऊ गेली नऊ वर्षं ओलान्झपिन ही मानसिक आजारावरची गोळी घेतो. आजार सुरू झाला तेव्हा तो रात्र रात्र जागा असायचा. भिंतीपलीकडून कुणीतरी आपल्याबद्दल बोलतंय, म्हणायचा. गोळी लागू पडली आणि काही आठवड्यांत ते आवाज मावळले. त्या दिवाळीला आमच्या घरी पुन्हा फराळ झाला. त्याची किंमत असा आजार पाहिलेल्या घरांनाच कळेल.

मग त्याची भूक वाढली. चार पोळ्यांवर पाचवी मागायचा, आणि तासाभरात स्वयंपाकघरात पुन्हा डबे वाजायचे. आई आधी सुखावली, अंगी लागतंय म्हणाली. वर्षभरात अठरा किलो वाढले. मग लग्नकार्यात जो तो त्याला सांगू लागला: भात सोड, पहाटे पळ, जिभेवर ताबा ठेव.

मला आज बोलायचंय ते या ताब्याबद्दल. हे औषध मेंदूत हिस्टामिन आणि सेरोटोनिन या निरोप पोचवणाऱ्या रसायनांचं काही ठिकाणचं काम अडवतं. तिथूनच भुकेला आवर बसत असतो. म्हणजे पोट भरतं, पण भरल्याचा निरोपच नीट पोचत नाही. वर अंगात सुस्ती. अशा माणसाला हावरट म्हणणं अन्यायाचं आहे.

हे एकाच गोळीचं नाही. संधिवातासाठी, दम्यासाठी प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड बराच काळ घेणाऱ्यांचा चेहरा गोल होतो, पोटावर आणि मानेमागे चरबी चढते, हातपाय मात्र बारीक होतात. फिटसाठीच्या व्हॅल्प्रोएटनंही वजन वाढतं. इन्सुलिन सुरू झालं की आधी लघवीवाटे वाया जाणारी साखर अंगात राहू लागते, तेव्हाही काटा वर जातो.

माझ्या भावानं कुणाला न सांगता गोळी बंद केली. गादीखाली पाकिटं सापडली तोवर आवाज परतले होते. नंतर बरा झाल्यावर मला म्हणाला, "ताई, मला माझी जुनी पँट घालायची होती गं." ते वाक्य मी विसरलेले नाही. आणि बराच काळ प्रेडनिसोलोन घेणाऱ्यांनो, तुम्ही तर ते एकदम कधीच थांबवू नका. शरीर स्वतःचं कॉर्टिसोल, म्हणजे त्याच जातीचं गरजेचं संप्रेरक, बनवायचं जवळजवळ थांबवतं, अचानक बंद केलं तर जिवावर बेतू शकतं. मात्रा डॉक्टरच हळूहळू उतरवतात.

पुढे नव्या डॉक्टरीणबाईंनी त्याला आधी काट्यावर उभं केलं, कंबरेला टेप लावली. आपल्याकडे पुरुषांची कंबर ९० सेंटिमीटर आणि बायकांची ८० ही धोक्याची रेघ मानतात. साखर, कोलेस्टेरॉल तपासलं. आणि विचारलं, "भूक कशी आहे?" इतक्या वर्षांत हे कुणी विचारलंच नव्हतं! काहींना अरिपिप्राझोलसारख्या कमी वजन वाढवणाऱ्या गोळीवर नेता येतं. याला दुसरं काही मानवत नव्हतं, म्हणून ओलान्झपिन ठेवून जोडीला मेटफॉर्मिन हे मधुमेहावरचं औषध दिलं, त्यानं वजनालाही आवर बसतो. आम्ही घरात फरसाण आणणं थांबवलं, त्याच्यापुरतं नाही, सगळ्यांसाठीच. जेवायला बसताना आधी काकडीची कोशिंबीर आणि मुगाची उसळ, मग पोळी.

वर्षात सहा किलो उतरले. उरलेले बारा अजून आहेत.

काल संध्याकाळी आम्ही दोघं कालव्याच्या कडेनं चालून आलो. त्याचा पट्टा एक भोक आत गेलाय, तो मुद्दाम दाखवत होता. जेवणं झाली. नऊ वाजता त्यानं पाणी भरून घेतलं आणि माझ्यासमोर गोळी घेतली.