राजवाड्यातले सिंह

(व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मोरोक्कोतला शेवटचा रानटी सिंह १९४२ साली ॲटलास डोंगरात, तिझी-न-तिश्का खिंडीच्या परिसरात मारला गेला. निदान नोंद तरी तशी आहे. शेजारच्या अल्जीरियात काही सिंह त्यानंतरही तग धरून असावेत, कारण १९५६ मध्ये सेतिफच्या बाजूला बसमधल्या प्रवाशांनी सिंह पाहिल्याचं सांगितलं जातं. पुढे दोनच वर्षांत स्वातंत्र्ययुद्धाच्या धुमश्चक्रीत ते जंगलही गेलं. आपल्यातल्या काहींच्या वडिलांच्या हयातीतली ही गोष्ट आहे.

हा बार्बरी सिंह. रोमच्या आखाड्यात माणसांवर सोडले जाणारे सिंह बऱ्याच अंशी उत्तर आफ्रिकेतूनच यायचे. लंडन टॉवरच्या खंदकात १९३०च्या दशकात सिंहांच्या दोन कवट्या सापडल्या, मध्ययुगातल्या. त्यांच्या डीएनएचा माग काढला तर तो याच सिंहांपाशी पोचला. पकडून नेण्याने हा सिंह कमी झालाच, पण खरा घात झाला तो बंदुका आल्यावर. आधी तुर्की अंमलात आणि मग फ्रेंचांच्या काळात सिंह मारणाऱ्याला बक्षीस मिळायचं. जंगल तुटलं, हरणं संपली. मग सिंह मेंढरांवर आला आणि मेंढपाळ त्याच्यावर.

तरीही वंश बुडाला नाही, आणि त्याचं श्रेय कुठल्याही वनखात्याला जात नाही. ॲटलासमधल्या टोळ्या मोरोक्कोच्या सुलतानाला निष्ठेची खूण म्हणून जिवंत सिंह नजर करायच्या. ते राजवाड्यात वाढले, तिथेच त्यांची पिलावळ झाली. १९५३ मध्ये फ्रेंचांनी सुलतान पाचव्या मोहम्मदला हद्दपार केलं आणि सिंहांवरही बिऱ्हाड हलवायची पाळी आली. २१ सिंह होते. तीन कासाब्लांकाच्या प्राणिसंग्रहालयात गेले, बाकीचे मेक्नेसला. राजा परतला तसे मेक्नेसचे सिंहही परतले. साठीच्या दशकाच्या शेवटी श्वसनाच्या रोगाने त्यांना असं काही गाठलं की सगळंच आटोपतं की काय, अशी वेळ आली. मग १९७३ मध्ये रबातजवळ तेमारा इथे त्यांना नवी जागा मिळाली. सुलतानांच्या डोक्यात संवर्धन नव्हतं, दरबाराचा थाट होता. पण त्या थाटानेच सिंह वाचवला, हे कबूल करायला हवं.

आता प्रश्न असा, की हे सिंह अस्सल कशावरून? पूर्वी लोक आयाळ बघायचे. काळी, दाट, पोटाखालपर्यंत गेलेली आयाळ असली की तो बार्बरी. पण थंडीत ठेवलेल्या कुठल्याही सिंहाची आयाळ दाटच होते, त्यामुळे युरोपातल्या प्रत्येक सर्कसवाल्याला आपलाच सिंह बार्बरी वाटायचा! डीएनएनेही राजवाड्यातल्या सिंहांना शुद्धतेचा दाखला दिलेला नाही. पिढ्यानपिढ्या बंदिवासात एखादा बाहेरचा सिंह मिसळला नसेलच, असं कोण म्हणेल?

मला स्वतःला हा शुद्धतेचा हट्ट फारसा पटत नाही. २०१७ मध्ये मार्जारकुळाच्या तज्ज्ञांनी सिंहांची नव्याने विभागणी केली. तिच्यानुसार उत्तर, पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतले सिंह आणि आपल्या गीरचे सिंह एकाच उपजातीत येतात. केनिया-टांझानियाचे, दक्षिणेचे दुसऱ्या. म्हणजे मोरोक्कोच्या राजाचा सिंह हा सासणगीरच्या सिंहाचा भाऊबंद. ‘उपजात नामशेष झाली’ हे वाक्य त्यामुळे जरा सावरून म्हणावं लागतं. त्या डोंगरातला सिंह गेला, हे मात्र खरंच.

मग राखायचं ते काय? तर उरलेलं वैविध्य. प्राणिसंग्रहालयांत आज बार्बरी समजले जाणारे सिंह दोनशेच्याही आत आहेत, आणि त्यांचा सांभाळ मुख्यतः वंशावळीच्या नोंदवहीवर चालतो. कोणत्या सिंहाचे आईबाप कोण, त्याचे नातलग कुठे किती आहेत, हे सगळं तिच्यात असतं. ज्याचं गोत कमी, त्याच्या पिल्लांना प्राधान्य. ज्याचा गोतावळा आधीच मोठा, त्याचं प्रजनन थांबवायचं, मग तो कितीही रुबाबदार असो. जोडी जमली की मादीला नाहीतर नराला पिंजऱ्यातून देशोदेशी न्यायचं. झेक प्रजासत्ताकातल्या द्वूर क्रालोवे इथे २०२५ मध्ये चार बछडे जन्मले, त्यामागे हीच किचकट पत्रिका-जुळवणी आहे.

सोडायचे कुठे, हा प्रश्न येतोच. ॲटलासमध्ये आज गावं आहेत, मेंढ्यांचे कळप आहेत. सिंहाला आधी हरणं लागतील. बार्बरी हरीण मोरोक्कोच्या ताझेक्का राष्ट्रीय उद्यानात परत आणलंय, पण तेवढ्यावर सिंहाचं पोट भरणार नाही. मेंढी गेली तर भरपाई कोण आणि किती दिवसांत देणार, हे ठरल्याशिवाय मेंढपाळ सिंहाला का खपवून घेईल?

आपण तरी त्यांना काय शिकवणार? गीरच्या सिंहांना दुसरं घर द्या, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये सांगितलं. २०१८ मध्ये गीरमध्ये साथीत सिंह दगावले, तेव्हा एकाच जंगलावर भिस्त ठेवण्यातला धोका दिसलाही. तरी त्यांच्यासाठी ठरलेल्या मध्य प्रदेशातल्या कुनोत २०२२ मध्ये नामिबियाचे चित्ते उतरले. सिंह अजून गुजरातेतच आहेत.