सर्वांत बलवान डेक कोणता? ‘मॅजिक’मधील क्रमवारीविषयी

मित्रहो,

रमी खेळताना आपण सगळे एकाच कॅटातून पत्ते उचलतो. हात वाईट आला तर नशिबाला बोल लावता येतो, पण कॅटाला लावता येत नाही, कारण तो सर्वांचा सामाईक असतो. आज ज्या खेळाविषयी मी बोलणार आहे, त्या ‘मॅजिक : द गॅदरिंग’मध्ये हा सामाईकपणा नाही. गणितज्ञ रिचर्ड गारफिल्ड यांनी रचलेला आणि १९९३ साली बाजारात आलेला हा खेळ खेळणारा प्रत्येक जण आपला कॅट घरून बांधून आणतो. त्यात किमान ६० पत्ते असावे लागतात, मूलभूत जमिनी, म्हणजे खेळाला इंधन पुरवणारे साधे पत्ते, सोडल्या तर एकाच नावाचे चारांहून अधिक पत्ते घेता येत नाहीत, आणि दोन डावांच्या मध्ये अदलाबदल करण्यासाठी १५ पत्त्यांचा साइडबोर्ड जवळ ठेवता येतो. या बांधलेल्या कॅटाला खेळाडू डेक म्हणतात, मीही तोच शब्द वापरणार आहे. डेक जर प्रत्येकाचा वेगळा असेल, तर कोणाचा डेक श्रेष्ठ हा वाद अटळच आहे, आणि गेली तीस वर्षे तो अखंड चालू आहे.

हा वाद घालणारे बहुतेक जण एक टियर लिस्ट समोर ठेवतात. वरच्या पायरीवर तीन-चार डेक, त्याखाली पाच-सहा, आणि तळाशी हौशी लोकांचे लाडके डेक, अशी ती मांडणी असते. माझा या याद्यांवर राग नाही, मीही त्या वाचतो. परंतु बलवान या शब्दाने आपण नेमके काय मोजतो, हे त्या क्वचितच सांगतात. म्हणून आधी थोडे हिशेब करू आणि मग माझी चार डेकची क्रमवारी सांगतो.

समजा, एका स्पर्धेत तीनच प्रकारचे डेक आहेत. पहिला दुसऱ्याला शंभरातले ६० सामने हरवतो, तिसऱ्याविरुद्ध मात्र ४५च जिंकतो, आणि स्वतःच्याच जुळ्या भावाविरुद्ध, ज्याला आपण मिरर म्हणतो, त्याचे अर्थातच ५० होतात. उपस्थित खेळाडूंपैकी ३० टक्क्यांनी पहिला, ५० टक्क्यांनी दुसरा आणि २० टक्क्यांनी तिसरा डेक आणला असेल, तर पहिल्या डेकचे एकूण यश ५४ टक्के येते. आता महिनाभराने दुसऱ्या आणि तिसऱ्या डेकच्या खेळाडूंची संख्या परस्पर बदलली, म्हणजे दुसरा २० टक्क्यांवर आला आणि तिसरा ५० टक्क्यांवर गेला, तर त्याच पहिल्या डेकचे यश ४९.५ टक्के होते. साठांपैकी एकही पत्ता बदललेला नाही, खेळाडूही तोच आहे, तरी वरच्या पायरीवरचा डेक मधल्या पायरीवर उतरला. कोण कोणता डेक किती प्रमाणात खेळतो आहे, या सगळ्या चित्राला खेळाडू मेटा म्हणतात. डेकचे बळ हा त्या डेकचा स्थायी गुण नसून त्याचे आणि मेटाचे नाते आहे.

दुसरी अडचण आकड्यांच्या लहानपणाची आहे. शंभर सामन्यांत ५५ विजय दिसले की लोक त्या डेकला लगेच उत्कृष्ट ठरवतात. संख्याशास्त्र सांगते, की शंभर सामन्यांवरून काढलेल्या या आकड्यामागे खरे प्रमाण ४५ ते ६५ यांच्यामध्ये कुठेही असू शकते. ही अनिश्चितता निम्मी करायची तर चारपट सामने हवेत. एका शनिवार-रविवारच्या निकालांवर रचलेली यादी म्हणजे मृगाच्या पहिल्या सरीवरून वर्षभराच्या पिकाचा अंदाज बांधण्यासारखे आहे.

मिररचा परिणाम तर आणखी फसवा असतो. एखादा डेक इतर सर्वांविरुद्ध ६० टक्के जिंकतो आणि स्पर्धेतले ४० टक्के लोक तोच घेऊन आलेले आहेत असे धरले, तर त्याचे एकूण यश ५६ टक्केच दिसते. डेक जितका लोकप्रिय, तितके हे मिररचे पाणी त्याच्या दुधात अधिक मिसळते. म्हणून मिरर वगळून हिशेब करणे आवश्यक आहे, आणि निदान हे तरी आजकालचे गंभीर विश्लेषक कटाक्षाने करतात. किमतीचाही प्रश्न आहेच. २०११च्या सुमारास एक विशिष्ट पत्ता शंभर डॉलरच्या घरात गेला होता आणि डेकमध्ये तो चारदा लागे. त्या डेकचा खेळाडूंमधील वाटा त्याच्या बळाबरोबरच लोकांच्या खिशाचेही माप देत होता, हे विसरता येत नाही.

या सर्व कारणांमुळे मी एक वेगळी कसोटी धरली आहे. ज्या डेकविरुद्ध सगळे तयारी करून आले होते, ज्याला मारण्यासाठी लोकांनी आपले पत्ते मुद्दाम खर्ची घातले होते, आणि तरीही जो जिंकत राहिला, तो मला बलवान वाटतो. बेसावध मैदान मारणे ही कमी दर्जाची गोष्ट आहे असे नाही, परंतु तिच्यात अर्धे श्रेय समोरच्याच्या गाफीलपणाला जाते.

ही कसोटी लावली की माझ्याच जुन्या मताला पहिला धक्का बसतो. अनेक वर्षे मी ‘टोलेरियन अकॅडमी’च्या डेकला निर्विवाद पहिला क्रमांक देत असे. १९९८च्या ऑक्टोबरात ‘उर्झाज सागा’ हा नव्या पत्त्यांचा संच आला, आणि त्यात ही जमीन होती. साधी जमीन एका वेळी एक माना देते, म्हणजे पत्ते खेळण्यासाठी लागणारे इंधन. अकॅडमी मात्र तुमच्याकडे जितक्या यंत्रवस्तू, म्हणजे आर्टिफॅक्ट जातीचे पत्ते, असतील तितका निळा माना देत असे. फुकटात किंवा अल्पखर्चात पडणाऱ्या यंत्रवस्तू भराभर मांडायच्या, हातचे पत्ते संपले की ‘विंडफॉल’ किंवा ‘टाइम स्पायरल’ने नवा हात भरायचा, आणि शेवटी ‘स्ट्रोक ऑफ जीनियस’ने प्रतिस्पर्ध्यालाच इतके पत्ते ओढायला लावायचे, की त्याचा कॅट संपून तो हरेल. त्याच वर्षी रोमच्या प्रो टूरमध्ये, म्हणजे व्यावसायिक खेळाडूंच्या मोठ्या स्पर्धेत, फिनलंडचा टॉमी होवी याच धाटणीच्या डेकने विजेता झाला. त्या हिवाळ्यातला विनोद असा होता, की डावाची सुरुवात म्हणजे नाणेफेक, डावाचा मध्य म्हणजे हातचे पत्ते परत टाकून नवे घेणे, आणि डावाचा शेवट म्हणजे पहिली पाळी. पुढे ‘मेमरी जार’ या पत्त्यावर तर तातडीची बंदी घालावी लागली.

मग अकॅडमी पहिली का नाही? कारण १९९९च्या आरंभी स्टँडर्ड या फॉरमॅटमधून, म्हणजे अलीकडचेच संच चालणाऱ्या स्पर्धाप्रकारातून, अकॅडमी आणि विंडफॉल दोन्ही गेले, आणि उत्तर शोधण्याची संधी मैदानाला पुरती मिळालीच नाही. शिवाय या डेकविरुद्ध तुम्ही खेळत नव्हता, तुम्ही केवळ साक्षीदार होता. त्याला यादीत घालण्यापेक्षा यादीबाहेर, वेगळ्या आसनावर बसवावे असे मला आता वाटते.

‘ॲफिनिटी’चे प्रकरण निराळे आहे. ऑक्टोबर २००३मध्ये ‘मिरॉडिन’ आला आणि फेब्रुवारी २००४मध्ये ‘डार्कस्टील’. या संचांतल्या काही जमिनी स्वतःच यंत्रवस्तू होत्या. ‘फ्रॉगमाइट’ची किंमत चार आणि ‘मिर एन्फोर्सर’ची सात, परंतु मांडलेल्या प्रत्येक यंत्रवस्तूमागे ती एकेकाने घटे. म्हणजे जमीन मांडली की तिने मानाही दिला आणि किंमतही उतरवली, एका दगडात दोन पक्षी. त्यात ‘आर्कबाउंड रॅव्हेजर’ स्वतःच्याच यंत्रवस्तू गिळून फुगत जाई, आणि ‘डिसायपल ऑफ द व्हॉल्ट’ अशा गिळलेल्या प्रत्येक वस्तूमागे प्रतिस्पर्ध्याच्या वीस प्राणांपैकी एक काढून घेई. प्रतिस्पर्ध्याने रॅव्हेजरवर घाव घातला, तर उत्तरादाखल सगळ्या यंत्रवस्तू गिळून तोच घाव त्याच्यावर उलटवता येत असे.

या डेकविरुद्ध उपाय नव्हते असे नाही. एका हिरव्या मानात यंत्रवस्तू नष्ट करणारा ‘ऑक्सिडाइझ’ होता, ‘व्हिरिडियन शमन’ होता, आणि लोक ते साइडबोर्डमध्ये न ठेवता थेट मुख्य साठांत घालू लागले होते. जून २००४मध्ये या डेकला नवे पत्ते पुरवणाऱ्या ‘स्कलक्लॅम्प’वर बंदी आली, तरी ॲफिनिटी हटला नाही. अखेर मार्च २००५मध्ये रॅव्हेजर, डिसायपल आणि सहा यंत्रजमिनी असे आठ पत्ते एकदम हद्दपार झाले. स्पर्धांना येणाऱ्यांची संख्या घटत असल्याचे कारण तेव्हा खुद्द कंपनीच्या लोकांनी दिले होते. लोक उपाय घेऊन येत होते, तरीही कंटाळून घरी बसत होते. माझ्या यादीत हा दुसरा.

पहिला मी ‘कॉ-ब्लेड’ला देतो, आणि याबद्दल माझ्याशी भांडणारे पुष्कळ भेटतात. या डेककडे पाहिले तर तो भयंकर वाटतच नाही. दुसऱ्या पाळीत ‘स्टोनफोर्ज मिस्टिक’ नावाची छोटीशी व्यक्ती येते आणि कॅटातून एक शस्त्र शोधून हातात देते, बहुधा ‘सोर्ड ऑफ फीस्ट अँड फॅमिन’. ‘स्क्वॉड्रन हॉक’ नावाचा किरकोळ ससाणा येतो आणि आपले तीन भाऊ हातात आणतो. त्यातल्या एकाच्या पंजात तलवार दिली, की त्याचा घाव लागताच प्रतिस्पर्ध्याला हातचा एक पत्ता टाकावा लागतो आणि आपल्या सगळ्या जमिनी पुन्हा ताज्या होतात. मग त्याच पाळीत ‘जेस, द माइंड स्कल्प्टर’ मांडायचा, किंवा माना राखून प्रतिस्पर्ध्याची चाल अडवायची. नको असलेले जादा ससाणे जेसच्या मदतीने कॅटाच्या माथ्यावर परत ठेवता येत, आणि स्टोनफोर्जने कॅट पुन्हा पिसला की तिथे नवे पत्ते मिळत. पत्त्यांची एकमेकांशी अशी सांधेजोड मी दुसऱ्या कुठल्याच डेकमध्ये पाहिलेली नाही.

फेब्रुवारी २०११मध्ये पॅरिसच्या प्रो टूरमध्ये बेन स्टार्क हा अमेरिकन खेळाडू या डेकने विजयी झाला. त्या दिवसापासून डेक गुप्त राहिला नाही, त्याची पूर्ण यादी जगाला पाठ झाली. त्यानंतरचे चार महिने सगळे जग त्याच्यामागे लागले होते. उपाय सापडत, आठवडाभर चालत, आणि कॉ-ब्लेडचे खेळाडू चार-पाच पत्ते बदलून त्या उपायांना गिळून टाकत. मे महिन्यात ‘न्यू फायरेक्सिया’ संचाबरोबर ‘बॅटरस्कल’ हे शस्त्र आले, ते तर स्टोनफोर्जसाठीच घडवले असावे असे वाटे. याच मिररच्या पाण्याविषयी मघाशी बोललो. मैदान कॉ-ब्लेडने इतके भरले होते, की त्याचे खरे यश एकूण आकड्यात दिसणे कठीण होते. मिररमध्ये नशिबापेक्षा कौशल्याची सरशी होत असे, अनुभवी हात नवख्याला सहज हरवत असे, आणि त्या नवख्याचा पराभवही याच डेकच्या खात्यावर जमा होत असे.

आता उरलेल्या दोघांविषयी थोडक्यात. ‘एल्ड्राझी’चा डेक मॉडर्न या फॉरमॅटचा, जिथे जुने संचही चालतात. ‘आय ऑफ उगिन’ ही जमीन २०१०ची, आणि तेव्हाचे एल्ड्राझी आठ-दहा-पंधरा मानांचे अजस्र प्राणी होते, त्यामुळे या जमिनीने त्यांची किंमत दोनने कमी केली तरी बिघडत नव्हते. जानेवारी २०१६च्या ‘ओथ ऑफ द गेटवॉच’ संचात दोन, चार आणि पाच मानांचे एल्ड्राझी आले, आणि सहा वर्षे निरुपद्रवी पडून असलेली जमीन अचानक विषारी झाली. दोन मानांचा ‘एल्ड्राझी मिमिक’ फुकट पडू लागला. अटलांटाच्या प्रो टूरमध्ये पहिल्या आठांत सहा एल्ड्राझी होते, विजेता जियाचेन ताओही त्यांतलाच, आणि एप्रिलमध्ये जमीन बंद झाली. अटलांटात मात्र मैदान बेसावध होते, म्हणून मी त्याला चौथा ठेवतो.

तिसरा ‘होगाक’. २०१९चा हा आठ बळाचा राक्षस मानाने विकतच घेता येत नाही, त्यासाठी आपले प्राणी आणि स्मशानातले, म्हणजे वापरून बाजूला पडलेले, पत्ते खर्चावे लागतात, आणि तो स्मशानातूनही खेळता येतो. जुलैच्या आरंभी ‘ब्रिज फ्रॉम बिलो’वर बंदी घालून त्याचा एक पाय तोडला, तरी त्याच महिन्याच्या अखेरीस बार्सिलोनाच्या स्पर्धेत तोच सर्वाधिक खेळला गेलेला डेक होता, साधारण पाचांत एक. अनेक जण स्मशानाची वाट बंद करणारा ‘लेलाइन ऑफ द व्हॉइड’ घेऊन त्याच्याच वाटेकडे डोळे लावून बसले होते. स्पर्धा जिंकली ती थोराल्फ सेवेरिनने ‘ट्रॉन’च्या डेकने. विजेत्याच्या डेकलाच सर्वांत बलवान मानायचे ठरवले असते, तर त्या दिवशी होगाकचे नाव यादीत नसते. ऑगस्टअखेर बंदी आली ती मात्र होगाकवर, ट्रॉनवर नाही.

कोणी विचारील, की २०१९च्याच ‘ओको’ला मी का विसरलो. रिचमंडच्या स्पर्धेत दोन-तृतीयांशांहून अधिक डेकमध्ये तो होता, हे मला ठाऊक आहे. पण ओको हा पत्ता आहे. तो कोणत्याही हिरव्या-निळ्या डेकमध्ये घातला तरी तो डेक जिंकू लागे. मी क्रमवारी डेकची लावतो आहे, एकट्या पत्त्याची नाही.

आणि या फरकाचा सर्वांत गमतीदार पुरावा कॉ-ब्लेडच्याच बंदीत आहे. २० जून २०११ रोजी जेस आणि स्टोनफोर्ज यांच्यावर स्टँडर्डमध्ये बंदी जाहीर झाली, २००५नंतरची पहिलीच. अडचण अशी, की कंपनीने नुकत्याच बाजारात आणलेल्या ‘वॉर ऑफ अ‍ॅट्रिशन’ या तयार डेकच्या खोक्यात दोन स्टोनफोर्ज होते. तो विकत घेणाऱ्या नवख्या मुलाला पहिल्याच स्पर्धेत दारातून परत कसे पाठवायचे? म्हणून सूट देण्यात आली, की हा डेक खोक्यातून निघाला तसाच, एकही पत्ता न बदलता आणला, तर स्टोनफोर्जसह खेळता येईल. तोच पत्ता त्या विशिष्ट साठांत निरुपद्रवी ठरला आणि इतर सर्व साठांत बेकायदा.