पावसासाठी दोन रकात : नमाज-ए-इस्तिस्का

[दृश्य : मदिना. मस्जिद-ए-गमामा, बाहेरून.]

मदिनेत मस्जिद-ए-नबवीच्या नैर्ऋत्येला, चालत काही मिनिटांवर, मस्जिद-ए-गमामा उभी आहे. प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या काळात इथे इमारत नव्हती, मोकळं मैदान होतं. दोन्ही ईदच्या नमाजा या मैदानात होत, आणि पाऊस दडी मारून बसला की लोक इथेच गोळा होत.

प्रेषितांच्या पत्नी हजरत आयेशा (रजि.) यांनी सांगितलेली एक सकाळ अबू दाऊदच्या हदीससंग्रहात (प्रेषितांच्या उक्ती-कृतींच्या नोंदींत) आली आहे. लोकांनी प्रेषितांकडे दुष्काळाचं गाऱ्हाणं मांडलं. त्यांनी मैदानात मिंबर, म्हणजे प्रवचनाचं आसन, ठेवायला सांगितलं, दिवस ठरवून दिला, आणि त्या दिवशी सूर्याची कड दिसताच ते निघाले. मिंबरावर बसून ते लोकांना म्हणाले, तुम्ही पाऊस लांबल्याची तक्रार केलीत. अल्लाहनं तुम्हाला त्याला हाक मारायला सांगितलं आहे आणि तो उत्तर देईल असं वचन दिलं आहे. मग दुआ सुरू झाली : तू निरपेक्ष आहेस, आम्ही गरजवंत आहोत, आमच्यावर पाऊस पाठव. हात इतके उंच गेले की काखेचा गोरेपणा दिसला. त्यांनी लोकांकडे पाठ केली, अंगावरची चादर फिरवली, पुन्हा लोकांकडे वळले, मिंबरावरून उतरले आणि दोन रकात, म्हणजे दोन आवर्तनांची, नमाज अदा केली.

दुष्काळात आजही मुसलमान जी नमाज-ए-इस्तिस्का, म्हणजे पाऊस मागण्याची नमाज, पढतात, तिचे जवळजवळ सगळे भाग या एका सकाळीत आहेत. मोकळं मैदान, आधी ठरवलेला दिवस, सकाळची वेळ, खुतबा (प्रवचन), उंचावलेले हात, फिरवलेली चादर, दोन रकात. क्रमाबद्दल मात्र वेगवेगळ्या रिवायती (परंपरेनं आलेली कथनं) आहेत. बहुतेक फकिहांनी (धर्मशास्त्राच्या जाणकारांनी) नमाज आधी आणि खुतबा नंतर हा क्रम धरला. उलटा क्रमही चालतो.

पण पावसाची दुआ करायला एवढा घाट घालावाच लागतो असं नाही. शाफई फिकहमध्ये (सुन्नी धर्मशास्त्राच्या एका परंपरेत) तिच्या तीन पायऱ्या सांगितल्या आहेत. सगळ्यात साधी म्हणजे नुसती दुआ. एकट्यानं, कधीही, कुठेही. दुसरी, नमाजांनंतर आणि जुम्याच्या (शुक्रवारच्या) खुतब्यात दुआ. तिसरी आणि पूर्ण, मैदानातली दोन रकात नमाज खुतब्यासह.

दुसऱ्या पायरीचा दाखला बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. जुम्याचा खुतबा चालू असताना एक माणूस मशिदीत शिरला आणि उभ्या उभ्याच म्हणाला, जनावरं मेली, वाटा बंद पडल्या, पावसासाठी दुआ करा. प्रेषितांनी तिथेच हात वर केले आणि तीनदा म्हटलं, “अल्लाहुम्मा अगिस्ना”, हे अल्लाह, आमच्यासाठी पाऊस पाठव. प्रेषितांचे सहकारी हजरत अनस (रजि.) सांगतात, आभाळात ढगाचा तुकडाही नव्हता. मदिनेतल्या सल्अ डोंगराच्या मागून ढालीएवढा एक ढग वर आला, मध्यावर येऊन पसरला आणि बरसू लागला. पुढे आठवडाभर सूर्य दिसला नाही.

[दृश्य : मराठवाडा. भेगाळलेलं रान, टँकरपुढे घागरींची रांग.]

हे संकट महाराष्ट्राला नवं नाही. १९७२ चा दुष्काळ अजून बोलण्यात येतो. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. मृग कोरडा गेला, पेरलेलं करपलं, दुबार पेरणीची वेळ आली, की मराठवाड्यातल्या ईदगाहांवर ही नमाज होते.

राज्यात ती दोन पद्धतींनी पढली जाते, आणि हे ठाऊक नसलं की मैदानात गोंधळ उडतो. मराठवाडा, विदर्भ, पश्चिम महाराष्ट्रातले बहुतेक मुसलमान हनफी, म्हणजे इमाम अबू हनीफांची परंपरा मानणारे. कोकणातले कोकणी मुसलमान शाफई. शाफई पद्धतीत ही नमाज ईदसारखी : पहिल्या रकातीत सात आणि दुसरीत पाच जादा तकबिरा (‘अल्लाहु अकबर’ म्हणणं). हनफी पद्धतीत जादा तकबिरा नाहीत. खुद्द इमाम अबू हनीफांच्या मते तर इस्तिस्काचा गाभा दुआ आणि इस्तिगफार (क्षमायाचना) हाच. जमातीनं (एकत्र उभं राहून) नमाज ही त्यांनी ठरलेली सुन्नत (प्रेषितांची रीत) मानली नाही, लोकांनी एकेकट्यानं पढली तर हरकत नाही म्हटलं. त्यांचे शिष्य अबू यूसुफ आणि मुहम्मद यांनी जमातीच्या दोन रकातींचा पक्ष घेतला, आणि हनफी लोक आज त्यानुसार चालतात. शाफई माणूस हनफी इमामामागे उभा असेल तर त्यानं इमामामागूनच जावं, स्वतःच्या तकबिरा मोजत बसू नये. शाफई इमाम तकबिरा विसरून फातिहा (कुरआनचा पहिला अध्याय) सुरू करून बसला, तर त्यानं मागे वळायचं नाही; नमाज होते, सजद-ए-सहवही (चूक भरून काढण्याचा सजदा) लागत नाही.

आता तयारी. खरं काम इथे आहे आणि सगळ्यात जास्त हेळसांडही इथेच होते. ‘उद्या सकाळी आठ वाजता ईदगाहवर या’ एवढा निरोप फिरवून भागत नाही. शाफई ग्रंथ सांगतात की इमामानं लोकांना आधी तीन दिवस रोजे ठेवायला सांगावं आणि चौथ्या दिवशी, रोज्यातच, मैदानात न्यावं. हनफी ग्रंथ लागोपाठ तीन दिवस बाहेर पडायला सांगतात, आणि रोज निघण्याआधी सदका (दान) द्यायला. दोन्हीकडे एक मागणी समान आहे : ज्याचं देणं लागतो ते देऊन टाका, भांडण असेल तर मिटवा, तौबा करा.

याचं कारण इब्न माजाच्या एका हदीसमध्ये स्पष्ट आहे. माप मारणाऱ्या लोकांवर दुष्काळ आणि टंचाई येते. जकात (सक्तीचं दान) अडवून धरणाऱ्यांचा पाऊस अडतो, आणि मुकी जनावरं नसती तर त्यांच्यावर पाऊस पडलाच नसता. म्हणजे हात उचलण्याआधी दुकानदारानं आपला काटा तपासायचा, सावकारी करणाऱ्यानं व्याज सोडायचं, भावानं बहिणीचा जमिनीतला वाटा द्यायचा. मुस्लिमच्या संग्रहात एका प्रवाशाचं वर्णन आहे : केस विस्कटलेले, अंग धुळीनं माखलेलं, आभाळाकडे हात करून तो ‘या रब, या रब’ म्हणतो, पण त्याचं खाणं हरामचं, पिणं हरामचं, कपडा हरामचा. मग त्याची दुआ कशी कबूल व्हावी? हजारोंचा जमाव उभा करणं सोपं असतं. त्या हजारांतल्या दहा जणांनी आदल्या रात्री कुणाचं तरी देणं फेडलं असेल, तर त्या जमावाला अर्थ आहे.

[दृश्य : पहाट. ईदगाहकडे पायी निघालेली माणसं.]

निघताना पायी निघायचं. ईदला नवे कपडे आणि अत्तर असतं. इथे नेमकं उलट. हजरत इब्न अब्बास (रजि.) सांगतात, प्रेषित साध्या कपड्यांत, नम्रपणे, काकुळतीला येऊन निघाले होते. रोजच्या वापरातले धुतलेले कपडे पुरेत. अंघोळ, मिस्वाक (दात घासणं) करावी, कारण गर्दीत कुणाला वासाचा त्रास नको. सुगंध मात्र लावू नये. म्हाताऱ्यांना, लहान मुलांना सोबत घ्यावं. जनावरंही न्यावीत, सफांपासून (नमाजींच्या रांगांपासून) बाजूला बांधावीत. तहान त्यांनाही लागली आहे.

वेळ ईदच्या नमाजेची, म्हणजे सूर्य थोडा वर आल्यावर. अजान नाही, इकामत (नमाज सुरू होत असल्याची हाक) नाही. किरात (कुरआनपठण) मोठ्यानं. पहिल्या रकातीत सूरह (कुरआनचा अध्याय) अल-आला, दुसरीत अल-गाशिया. किंवा शाफई पद्धतीनं सूरह काफ आणि अल-कमर. सलाम फिरवला की निम्मे लोक चपला शोधू लागतात. त्यांनी बसावं, कारण खुतबा आणि दुआ अजून व्हायची आहे आणि माणसं आली आहेत ती त्यासाठीच.

हनफी पद्धतीत मिंबर मैदानात नेत नाहीत. इमाम जमिनीवर, लोकांकडे तोंड करून, काठीचा आधार घेऊन उभा राहतो. शाफई पद्धतीत खुतब्याची सुरुवात तकबिरांऐवजी इस्तिगफारनं होते, पहिल्या खुतब्यात नऊ वेळा आणि दुसऱ्यात सात वेळा. खुतब्यात बहुधा सूरह नूहच्या आयती येतात : आपल्या पालनकर्त्याकडे क्षमा मागा, तो मोठा क्षमाशील आहे, तो तुमच्यावर आभाळातून भरपूर पाऊस सोडेल, संपत्ती आणि संतती वाढवील, बागा देईल, नद्या देईल. पावसाआधी क्षमा, हा क्रम कुरआननंच घालून दिला आहे. सूरह हूदमध्ये आद या प्राचीन लोकांनाही हेच सांगितलं आहे.

मग इमाम किब्ल्याकडे (मक्केच्या दिशेला) वळतो आणि चादर फिरवतो. चादर चौकोनी असेल तर वरची कड खाली, खालची वर. जुब्बा किंवा गोल झूल असेल तर उजवी बाजू डावीकडे, डावी उजवीकडे. आपल्याकडे खांद्यावरचा रुमाल किंवा शाल असते, तिला हेच लागू. हाल पालटू दे, ही त्यातली आशा. हनफींमध्ये फक्त इमाम चादर फिरवतो. शाफई पद्धतीत मागचे लोकही फिरवतात आणि घरी जाऊन कपडे बदलेपर्यंत तशीच ठेवतात. लोकांना हे आधी सांगितलेलं नसलं की अर्धे जण आजूबाजूला बघत बसतात आणि दुआचे पहिले शब्द त्यातच निसटतात. खुतब्याआधी दोन वाक्यांत सांगून ठेवावं.

दुआत हात चेहऱ्याच्याही वर न्यायचे. संकट टळावं म्हणून मागताना तळहातांची मागची बाजू आभाळाकडे; अनस (रजि.) यांची रिवायत तशी आहे. शब्द हे :

“अल्लाहुम्मस्किना गैसन मुगीसन, मरीअन, नाफिअन गैर दार्रिन, आजिलन गैर आजिलिन.” हे अल्लाह, आम्हाला असा पाऊस दे जो तारेल, मानवेल, उपयोगी पडेल आणि नुकसान करणार नाही, जो लवकर येईल आणि लांबणार नाही.

यात मागणी किती नेमकी आहे ते बघा. नुसता पाऊस मागितलेला नाही. घरं पाडणारा, उभं पीक झोपवणारा पाऊस नको, हेही मागण्यातच आहे. दुसऱ्या एका दुआत माणसांच्या जोडीला जनावरांसाठी पाणी मागितलं आहे आणि मेलेल्या जमिनीला जिवंत कर म्हटलं आहे. अरबी पाठ नसेल तर आपल्या भाषेत मनातल्या मनात मागावं. इमामाच्या दुआवर आमीन म्हणणं हीही दुआच. यमकं जुळवून, सूर लावून लांबवलेली दुआ टाळावी. ‘तुला वाटलं तर दे’ असंही म्हणू नये. प्रेषितांनी ठामपणे मागायला सांगितलं आहे.

[दृश्य : रिकामं होत जाणारं मैदान.]

हिजरी १८, म्हणजे इ.स. ६३९. हजरत उमर (रजि.) खलिफा होते आणि अरबस्तानात असा दुष्काळ पडला की वारा सुटला की राखेसारखी माती उडे, इतिहासात ते राखेचं वर्ष म्हणून नोंदलं गेलं. उमर यांनी लोकांची उपासमार संपेपर्यंत तूप आणि मांस वर्ज्य केलं, सीरियातून धान्य मागवलं, त्या वर्षीची जकातवसुली पुढे ढकलली, भुकेपोटी केलेल्या चोरीला हात तोडण्याची सजा थांबवली. आणि पावसासाठी बाहेर पडले तेव्हा प्रेषितांचे चुलते हजरत अब्बास (रजि.) यांना पुढे करून दुआ केली. एकदा तर ते मिंबरावर चढून फक्त इस्तिगफार करून उतरले. लोक म्हणाले, पाऊस तर मागितलाच नाहीत. उमर म्हणाले, ज्यानं पाऊस उतरतो त्यानंच मागितला. दुआ करणारा हा माणूस धान्याच्या उंटांची वाटही बघत होता. ज्यांना दुआ म्हणजे हात बांधून बसणं वाटतं, त्यांनी हे वर्ष नीट वाचावं.

पाऊस नाहीच आला तर? पुन्हा जायचं. हनफी ग्रंथ तीन दिवसांची मर्यादा घालतात, शाफई पद्धतीत पाऊस पडेपर्यंत नमाज पुन्हा पढता येते. ‘दुआ केली, पण कबूल झाली नाही’ असं म्हणून सोडून देणं हीच ती घाई जिच्यापासून हदीस सावध करते. मुसनद अहमद या हदीससंग्रहात आहे की पाप किंवा नातं तोडण्याची मागणी नसलेली दुआ वाया जात नाही : मागितलेलं इथेच मिळतं, किंवा आखिरतसाठी (मरणोत्तर जीवनासाठी) राखून ठेवलं जातं, किंवा तेवढंच एखादं संकट टळतं.

नमाजेआधीच पाऊस आला तर शाफई पद्धतीत लोक तरीही जमतात, आभार मानतात, आणखी मागतात, नमाजही पढतात. सरी सुरू झाल्यावर प्रेषित “अल्लाहुम्मा सय्यिबन नाफिआ”, म्हणजे हा पाऊस उपयोगाचा होवो, असं म्हणत, आणि कपडा थोडा बाजूला करून अंगावर थेंब घेत. नक्षत्रानं पाऊस दिला असं म्हणण्याला हुदैबिया या ठिकाणी सांगितलेल्या हदीसनं मनाई केली आहे. शेतकऱ्यानं ‘मृगात पेरलं, हस्तात भिजलं’ म्हणणं त्यात येत नाही. नक्षत्र हा काळ मोजण्याचा आधार म्हणून बोललं तर दोष नाही, असं इमाम शाफईंनीच स्पष्ट केलं आहे.

आणि पाऊस थांबेनासा झाला तर? मदिनेत आठवड्यानं, पुढच्या जुम्याला, पुन्हा माणूस आला : पाण्यानं नुकसान झालं, वाटा तुटल्या, थांबवा. प्रेषितांनी हात उचलले, “अल्लाहुम्मा हवालैना वला अलैना”, आमच्या आसपास पडो, आमच्यावर नको. टेकड्यांवर, डोंगरांवर, ओढ्यांच्या पात्रांत, झाडांच्या मुळांशी पडो. कोकणात नदी गावात शिरते तेव्हा मशिदीत हीच दुआ करतात. अतिवृष्टीसाठी वेगळी नमाज नाही, मैदानात जाणं नाही, चादर फिरवणं नाही; जुम्याच्या खुतब्यात किंवा नमाजेनंतर ही दुआ म्हणतात.