नगाने आत, किलोने बाहेर

नाशिकमधील सातपूर औद्योगिक वसाहतीतील उद्योजकांच्या सभागृहात कारखान्यांतील लेखा, प्रशासन आणि संगणक विभागांच्या अधिकाऱ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन

मित्रहो,

आपल्यापैकी बहुतेकांच्या कारखान्यात स्टोअरच्या मागे अशी एक खोली असते, जिची किल्ली कोणाकडे आहे हे दोन-तीन फोन केल्यावरच कळते. जुने संगणक, मॉनिटर, बंद पडलेले प्रिंटर, वायरींची भेंडोळी आणि कोणी तरी ठेवून गेलेली रिकामी खोकी यांनी ती भरलेली असते. अलीकडे या खोलीत एकदम भर पडली आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ची नियमित सुरक्षा अद्यतने थांबवली, आणि विंडोज ११ ला लागणारी टीपीएम २.० ही सुरक्षा चिप व पुरेसा नवा प्रोसेसर सात-आठ वर्षांपूर्वीच्या बऱ्याच यंत्रांत नाही. त्यामुळे सातपूर, अंबड, गोंदे, सिन्नर या पट्ट्यात बाद ठरलेले पुष्कळसे संगणक मोडलेले नाहीत, ते चालू स्थितीत आहेत. हा तपशील लक्षात ठेवावा, कारण चालू यंत्रात माहितीही शाबूत असते.

आज मला मुख्यतः एकच गोष्ट मांडायची आहे. संगणक कारखान्यात येतो तेव्हा तो नग म्हणून येतो. त्याची खरेदी ऑर्डर असते, बिलावर सिरीयल नंबर असतो, मालमत्ता नोंदवहीत त्याची ओळ असते, अंगावर कंपनीचे लेबल असते आणि लेखा विभाग दरवर्षी त्याचा घसारा काढतो. तोच संगणक बाहेर जातो तेव्हा गेटपासवर ‘जुने कॉम्प्युटर साहित्य, एक लॉट’ एवढेच लिहिलेले असते आणि सोबत काटापावती असते. आत येताना ज्याला नाव होते त्याला बाहेर जाताना फक्त वजन उरते. उद्या लेखापरीक्षक, प्रदूषण नियंत्रण मंडळ किंवा तुमचा ग्राहक जे काही विचारील ते नगाविषयी असेल, आणि आपल्याकडे उत्तर असेल ते किलोमध्ये.

कायद्याचा भाग आधी उरकतो. ई-कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ हे १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. त्यांच्या पहिल्या अनुसूचीत १०६ प्रकारची उपकरणे आहेत, आणि आर्थिक वर्षात कोणत्याही वेळी त्यांपैकी किमान एक हजार नग वापरणारी संस्था ‘बल्क कन्झ्युमर’ ठरते. ‘आमच्याकडे दीडशेच संगणक आहेत’ असे म्हणून अनेक जण हा विषय बाजूला सारतात. परंतु प्रिंटर, टेलिफोन, राउटर, यूपीएस, एसी, फ्रीज आणि शेडमधल्या ट्यूब मोजायला घेतल्या की हजाराचा आकडा वाटतो तितका दूर राहत नाही. अशा संस्थेवर नियमांनी टाकलेली जबाबदारी जेमतेम एका वाक्याची आहे: आपला ई-कचरा केवळ नोंदणीकृत उत्पादक, रिफर्बिशर (जुने यंत्र दुरुस्त करून पुन्हा वापरात आणणारा) किंवा रिसायकलर यांच्याच ताब्यात द्यायचा. वाक्य छोटे असले तरी त्यातला ‘केवळ’ हा शब्द आपल्या गेटवर रोज मोडला जातो.

तो मोडला जाण्याचे कारण आपल्या निविदेतच असते. आपण भंगाराचा दर किलोवर मागवतो आणि जो जास्त देईल त्याला माल देतो. आता जास्त दर कोणाला परवडतो? ज्याला सांडपाणी प्रक्रियेचा, धूर गाळण्याच्या यंत्रणेचा आणि कामगारांच्या सुरक्षेचा खर्च नाही त्याला. तो तांब्यासाठी पीव्हीसीच्या वायरी उघड्यावर जाळतो, त्यातून डायॉक्सिन हे विषारी रसायन बाहेर पडते. सर्किट बोर्डावरचे सोने काढण्यासाठी बोर्ड आम्लात बुडवतो आणि उरलेले आम्ल जवळच्या नाल्यात सोडतो. जुन्या काचेच्या मॉनिटरमध्ये शिसे असते, एलईडी येण्यापूर्वीच्या सपाट पडद्यांमागच्या दिव्यांत पारा असतो. त्यातून पैसा सुटत नाही म्हणून ते फोडून टाकले जातात. सातपूरच्या बाजूने येणारी नंदिनी नदी पुढे गोदावरीला मिळते, हे या सभागृहात सांगायची गरज नाही. अंबड-सातपूर लिंक रोडवरचा भंगार बाजार महापालिकेने २०१७ मध्ये हटवला आणि तो पुन्हा उभा राहिला, हेही आपण पाहिले. अतिक्रमण विभागाला नावे ठेवणे सोपे आहे. पण बाजार उठला म्हणून माल थांबत नाही, आणि त्यातला काही माल आपल्याच गेटमधून गेलेला असतो.

आता माहितीकडे वळतो, कारण माझ्या मते धोका सर्वांत मोठा आणि समज सर्वांत कमी अशी जागा हीच आहे. फाइल डिलीट केल्याने किंवा डिस्क घाईघाईने फॉरमॅट केल्याने मजकूर जात नाही. तो कुठे आहे याची नोंद तेवढी जाते, आणि सहज मिळणाऱ्या सॉफ्टवेअरने तो परत काढता येतो. जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवर संपूर्ण पृष्ठभागावर एकदा नवे लेखन केले तर बहुतेक व्यावसायिक गरजांना ते पुरते. सात-सात वेळा लिहिण्याचा आग्रह आता जुना झाला. मात्र एसएसडीला, म्हणजे फिरत्या तबकडीऐवजी मेमरी चिपवर माहिती साठवणाऱ्या डिस्कला, हा उपाय लागू पडत नाही. तिच्यातला कंट्रोलर चिपची झीज सारखी राहावी म्हणून नवे लेखन प्रत्येक वेळी वेगळ्या जागी करतो, आणि काही जागा तर संगणकाला दिसतच नाही. वरून सगळे पुसल्यासारखे वाटते आणि जुना मजकूर आत कुठे तरी राहून जातो. तिच्यासाठी निर्मात्याने दिलेली सिक्युअर इरेज किंवा सॅनिटाइज आज्ञाच वापरावी लागते. हार्ड डिस्क चुंबकाने पुसणाऱ्या यंत्रात घालूनही एसएसडी पुसली जात नाही, कारण तिच्यात चुंबकीय असे काही नाहीच. राहिला ड्रिल मशिनचा प्रयोग. तो आपल्याकडे फार लोकप्रिय आहे आणि त्याचे फोटो ग्रुपवर उत्साहाने पडतात. परंतु एसएसडीवर अनेक मेमरी चिप असतात आणि एका भोकाने शेजारची चिप शाबूत राहू शकते. अमेरिकेच्या एनआयएसटी या संस्थेचे ८००-८८ हे मार्गदर्शक दस्तऐवज पुसणे, परत मिळणार नाही असे काढून टाकणे आणि नष्ट करणे अशा तीन पायऱ्या सांगते. माहिती किती नाजूक आहे आणि यंत्र पुढे वापरायचे आहे की नाही यावर पायरी ठरते. या सगळ्यांपेक्षा स्वस्त उपाय म्हणजे यंत्र पहिल्या दिवशी देतानाच डिस्क एन्क्रिप्ट करणे, म्हणजे सांकेतिक किल्लीशिवाय मजकूर वाचता येणार नाही अशी करणे. मग शेवटी किल्ली नष्ट केली की काम बरेच हलके होते.

‘आमच्याकडे चोरण्यासारखे काय आहे?’ हा प्रश्न मला हमखास विचारला जातो. आपले बरेचसे कारखाने वाहन आणि विद्युत क्षेत्रातल्या मोठ्या कंपन्यांचे पुरवठादार आहेत. डिझाइन विभागातल्या संगणकावर ग्राहकाची ड्रॉइंग असतात आणि ती गुप्त ठेवण्याच्या करारावर आपण सही केलेली असते. मनुष्यबळ विभागाच्या संगणकावर कामगारांचे आधार, बँक खाते, वैद्यकीय तपासणीचे अहवाल असतात. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात सुरक्षेची वाजवी काळजी न घेतल्याबद्दल २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर १८ महिन्यांनी लागू होतात. भाड्याच्या मोठ्या प्रिंटरमध्येही बहुधा हार्ड डिस्क असते आणि स्कॅन केलेली पाने तिच्यावर राहू शकतात. करार संपला की पुरवठादाराचा माणूस येतो आणि यंत्र ढकलत घेऊन जातो. त्या वेळी डिस्कचे काय, हे क्वचितच कोणी विचारते.

नग हरवला की काय होते याचे ठळक उदाहरण मॉर्गन स्टॅनली या अमेरिकी वित्तीय कंपनीचे आहे. २०१६ मध्ये दोन डेटा सेंटर बंद करताना या कंपनीच्या संपत्ती व्यवस्थापन शाखेने हजारो डिस्क आणि सर्व्हर हलवण्याचे काम सामानाची ने-आण करणाऱ्या एका कंपनीला दिले, जिला माहिती नष्ट करण्याचा अनुभव नव्हता. पुढे त्यांतली काही उपकरणे ग्राहकांच्या माहितीसकट इंटरनेटवरच्या लिलावात विकली गेली. दुसऱ्या एका प्रकरणात स्थानिक कार्यालयांतली यंत्रे बदलल्यावर हिशेब घेतला तेव्हा ४२ सर्व्हरचा पत्ता लागला नाही, आणि या उपकरणांत एन्क्रिप्शनची सोय असूनही ती वर्षानुवर्षे चालूच केलेली नव्हती असे निष्पन्न झाले. अमेरिकी नियामकांनी २०२० मध्ये सहा कोटी आणि २०२२ मध्ये साडेतीन कोटी डॉलर दंड लावला. त्या ४२ सर्व्हरवरून प्रत्यक्ष काय गेले हे वेगळे. ते कुठे आहेत हे सांगता न येणे एवढेही दोषी ठरायला पुरे झाले. नाशिकरोडच्या नोटा छापणाऱ्या प्रेसमधून वाया गेलेला छापील कागद मोजदादीशिवाय रद्दीत जात नाही; हार्ड डिस्कला निदान त्याच्या निम्मी तरी शिस्त लावायला हरकत नसावी.

शिस्त म्हणजे काय, ते प्रत्यक्ष सांगतो. खोलीतला माल हलवण्यापूर्वी मालमत्ता नोंदवही आणि प्रत्यक्ष नग जुळवावेत. डिस्क यंत्रातून काढली असेल तर तिचा स्वतःचा सिरीयल नंबर वेगळा लिहावा. रिसायकलरचे नाव केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पोर्टलवर स्वतः तपासावे. ‘आमचे अधिकृत रिसायकलरशी टायअप आहे’ असे सांगणारा मध्यस्थ भेटला, तर बिल कोणाच्या नावाने निघणार आणि गाडी कुठे रिकामी होणार एवढे दोनच प्रश्न विचारावेत. संकलन केंद्र किंवा केवळ सुटे भाग करणारा म्हणून मिळालेले जुने पत्र दाखवले जाते. पण २०२२ च्या नियमांत या नावांची वेगळी नोंदणी उरलेली नाही. शेवटी जे प्रमाणपत्र मिळेल त्यावर सिरीयल नंबर हवेत. ‘४०० किलो ई-कचरा स्वीकारला’ असे लिहिलेले प्रमाणपत्र म्हणजे कडक कागदावर छापलेली काटापावतीच होय.

लेखा विभागालाही याच यादीचा उपयोग आहे. ज्या यंत्रावर जीएसटीचे इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराची वजावट, घेतले होते ते विकताना, विक्रीकिमतीवरचा कर किंवा दर तिमाहीला पाच टक्क्यांनी घटवून उरलेले क्रेडिट, यांपैकी जास्त असेल ते भरावे लागते. हा हिशेब प्रत्येक नगाच्या खरेदीच्या तारखेशिवाय होऊ शकत नाही.

चालू यंत्रे शाळांना द्यावीत का, असेही विचारले जाते. अवश्य द्यावीत. पेठ, सुरगाण्याच्या शाळेत लिनक्स घातलेला दहा वर्षांचा संगणक उत्तम चालतो. मात्र डिस्क पुसून, बायोसचा, म्हणजे यंत्र सुरू करणाऱ्या मूळ प्रणालीचा, पासवर्ड काढून आणि कंपनीच्या दूरनियंत्रण प्रणालीतून यंत्राची नोंद वगळूनच तो द्यावा, नाही तर ते यंत्र मास्तरांच्या हाती पडल्यावर कंपनीच्या लॉगिनशिवाय पुढे सरकणार नाही. वीसपैकी आठ बंद संगणक ‘त्यांचे पार्ट होतील’ म्हणून सोबत पाठवू नयेत. तो आपला ई-कचरा असतो, आणि शाळेकडे तो टाकायला आपल्याइतकीही सोय नसते.

बॅटऱ्यांचा भाग वेगळा आहे. यूपीएसच्या शिसे-आम्ल बॅटऱ्यांना २०२२ चेच, पण स्वतंत्र, बॅटरी कचरा नियम लागू होतात, म्हणून त्या संगणकांच्या लॉटमध्ये घालू नयेत. खोलीत फुगलेल्या बॅटरीचा लॅपटॉप सापडला, म्हणजे टचपॅड वर आलेला किंवा तळ उचललेला दिसला, तर ‘चालतो का’ हे पाहण्यासाठी तो चार्जरला लावू नये, त्यावर दुसरा लॅपटॉप रचू नये आणि बॅटरी पेचकसाने उकरू नये. तो पुठ्ठ्यांपासून दूर, हवेशीर जागी वेगळा ठेवावा आणि गाडी बोलावण्याआधीच रिसायकलरला तसे कळवावे, कारण तो बाकीच्या मालात मिसळून पाठवणे धोक्याचे असते.