पाय कोणी धुवायचे?

बंधू-भगिनींनो, येशूचे शिष्य याकोब आणि योहान ही जब्दी नावाच्या मच्छीमाराची मुलं आपल्या पाचूबंदरच्या कोळी लोकांना लगेच ओळखू येतील. मार्क आपल्या शुभवर्तमानात सांगतो, येशूनं हाक मारली तेव्हा त्यांनी बापाला मोलकऱ्यांबरोबर तारवात सोडलं. म्हणजे घरी कामाला माणसं होती. आपल्या भाषेत नाखव्याची पोरं. दहाव्या अध्यायात हीच पोरं येशूकडे मागणी करतात, की तुझ्या वैभवात आम्हाला एकाला उजवीकडे बसव, एकाला डावीकडे. बाकीचे दहा शिष्य चिडतात. का चिडतात? मला विचाराल तर जागा दोनच होत्या, आणि नंबर दुसऱ्यानं आधी लावला म्हणून!

त्यावर येशू म्हणतो, जगातले अधिकारी लोकांवर सत्ता गाजवतात. तुमच्यात तसं नको, ज्याला मोठं व्हायचंय त्यानं सेवक व्हावं. हे त्यानं कोणाला सांगितलं? जागेसाठी भांडणाऱ्यांना. सेवेचा उपदेश वरच्यासाठी आहे, आणि आपण तो सर्रास खालच्याला ऐकवतो. घरात सुनेला, ऑफिसात शिपायाला, चर्चमध्ये झाडलोट करणाऱ्या बाईला. ‘सेवा समजून करा’ हे वाक्य पगार वाढवायचा नसतो तेव्हा फार ऐकू येतं.

आता योहानाच्या शुभवर्तमानाचा तेरावा अध्याय. धुळीचे रस्ते, पायात चपला, त्यामुळे पाहुण्याचे पाय धुणं हे चाकराचं काम. येशू जेवणावरून उठतो, वरचं वस्त्र काढून ठेवतो, कमरेला रुमाल बांधतो आणि शिष्यांचे पाय धुऊ लागतो. पेत्र ‘नको’ म्हणून अडून बसतो. जो येशूला धरून देणार, तो यहूदाही तिथेच असतो. इथवर आपल्याला पाठ आहे. पण पुढचं आपण घाईत वाचतो. पुन्हा जागेवर बसल्यावर तो म्हणतो, तुम्ही मला गुरू आणि प्रभू म्हणता ते बरोबरच आहे, मी तो आहेच. त्यानं अधिकार टाकून दिलेला नाही. म्हणून कोणाला वाईट वाटू नये या भिडेपोटी सगळ्यांना ‘हो’ म्हणणारा साहेब मला सेवक वाटत नाही. कामचुकाराला तो बोलत नाही, आणि ते काम शेवटी जो प्रामाणिक आहे त्याच्या टेबलावर येऊन पडतं.

२०१३ साली पोप फ्रान्सिस यांनी पवित्र गुरुवारी, म्हणजे चर्चमध्ये या पाय धुण्याची आठवण करतात त्या दिवशी, रोमच्या कासाल देल मार्मो या बालगुन्हेगारांच्या तुरुंगात बारा जणांचे पाय धुतले. त्यात दोन मुली होत्या, मुस्लिमही होते. २०१६ मध्ये चर्चचा नियमच बदलला आणि स्त्रियांचे पाय धुवायला रीतसर परवानगी मिळाली. आपल्याकडे ते बारा जण कसे निवडले जातात, यावर मी आज बोलत नाही. फादर समोरच बसलेत.

कामाच्या ठिकाणी हे कसं दिसतं? मीटिंगचंच घ्या. साहेब दादरला राहतो आणि सहा वाजता मीटिंग लावतो. वसईची मुलगी मग विरार लोकलच्या गर्दीत लोंबकळत घरी पोहोचते, तोवर तिचं लहान मूल झोपलेलं असतं. इथे पाय धुणं म्हणजे मीटिंग तीनला घेणं, बस्स. नर्सच्या ड्युट्या लावणाऱ्या सिस्टर इन्चार्जनं नाताळच्या रात्रीची पाळी आधी स्वतःच्या नावावर टाकणं. चूक झाली की वरच्यांसमोर आपण उभं राहणं आणि शाबासकी मिळाली की ज्यानं काम केलं त्याचं नाव घेणं. यात पवित्र दिसण्यासारखं काही नाही. वेळापत्रक आणि हजेरीपत्रक, यातच बहुतेक सगळं आहे.

अमेरिकेत टेलिफोन कंपनीत आयुष्य घालवलेल्या रॉबर्ट ग्रीनलीफ यांनी १९७० साली या विचाराला व्यवस्थापनाच्या भाषेत आणलं. त्यांची कसोटी मला आवडते: तुमच्या हाताखालची माणसं वाढतात का? जास्त शहाणी, जास्त मोकळी होतात का? आणि जो सगळ्यांत खाली आहे, त्याचं काय होतं?

आपला गोन्सालो गार्सिया आठवा. वसईत जन्मलेला, जपानमध्ये व्यापार केलेला माणूस. मनिलात फ्रान्सिस्कन या संन्यासी संघात गेला, तो ब्रदर म्हणून. धर्मगुरू कधीच झाला नाही. १५९३ साली त्याच संघाचे धर्मगुरू पेद्रो बाप्तिस्ता यांच्याबरोबर परत जपानला गेला, तो दुभाषा होऊन. भाषा याला येत होती, त्यामुळे पुढे उभा हा, आणि बोलणं दुसऱ्याचं. ५ फेब्रुवारी १५९७ ला नागासाकीत क्रुसावर गेला. १८६२ मध्ये संत घोषित झाला, भारतात जन्मलेला पहिला कॅथलिक संत. आपण त्याच्या हौतात्म्याचा सण करतो. त्याच्या दुभाषेपणावर मात्र एकही प्रवचन मी ऐकलेलं नाही.

घराबद्दल थोडक्यात. चर्चच्या सणाला मांडवात दोनशे पानं वाढणारे पुरुष घरी जेवल्यावर ताट उचलत नाहीत. बायका हसतायत, म्हणजे मला पुढे बोलायची गरज नाही.

एक चिठ्ठी आली आहे: ‘माझा मालक तीन महिने पगार देत नाही आणि वर क्षमा करायला सांगतो. मी ख्रिस्ती म्हणून काय करावं?’ कामगार कार्यालयात लेखी तक्रार करा. हजेरीचे, बँकेचे कागद बरोबर न्या आणि एकटे जाऊ नका. या सभागृहातलं कोणीतरी तुमच्यासोबत येईल. क्षमेचं पगार हातात आल्यावर बघू.