बचाव कानाने ऐकायचा

नमस्कार मंडळी! मी मूळची सांगलीची, पण २००८ पासून सिराक्यूजमध्ये राहते, न्यूयॉर्क राज्यात, म्हणजे त्या उंच इमारतींच्या न्यूयॉर्कपासून गाडीने चार-साडेचार तास वर, जिथे नोव्हेंबरात पडायला लागलेला बर्फ कधीकधी एप्रिलमध्येसुद्धा अंगणात असतो. आज मला तुमच्याशी लॅक्रॉसबद्दल बोलायचंय, आणि त्यातही असिस्टंट कोचबद्दल, कारण आमच्या गावात एका असिस्टंट कोचवरून जेवढी भांडणं मी ऐकलीत तेवढी सांगलीत निवडणुकीवरून ऐकली नव्हती.

ज्यांना खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी पटकन सांगते. दोन्ही बाजूंनी दहा-दहा पोरं, प्रत्येकाच्या हातात जाळीचा खिसा लावलेली काठी, टणक रबरी चेंडू, आणि सहा फूट बाय सहा फुटांचा गोल. गोलच्या मागेही मैदान असतं, तिथूनही हल्ला करता येतो, आणि ही एकच गोष्ट बचाव करणाऱ्यांची झोप उडवायला पुरेशी आहे, कारण चेंडू पाठीमागे आणि ज्याला धरायचं तो पुढे. खेळ मुळात इथल्या आदिवासींचा, होडेनोशोनी लोकांचा, त्यातल्या ओनोन्डागांची वस्ती आमच्या गावाच्या दक्षिणेला अगदी लागूनच आहे, आणि त्यांच्यासाठी तो आजही देवाने दिलेला, आजाऱ्याला बरं करणारा खेळ आहे. आपल्याशी त्याचं एक नातं मुंबईत जुळलंय बरं का. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये ऑलिंपिक समितीचं अधिवेशन मुंबईत भरलं होतं, २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये क्रिकेट घेतल्याचं तिथेच ठरलं आणि आपल्याकडे केवढा आनंद झाला, तर त्याच बैठकीत लॅक्रॉसही आत आलं, सहा-सहा जणांचं छोटं रूप. त्या दिवशी मला इकडून आणि तिकडून दोन्हीकडून अभिनंदनाचे फोन आले होते.

आता मुद्द्यावर येते. सिराक्यूजच्या कॉलेज टीमला ऑरेंज म्हणतात. राष्ट्रीय विजेतेपदं दहा, जुने लोक अकरा म्हणतात कारण १९९० चं नंतर रेकॉर्डमधून काढून टाकलं आणि ते इथे अजून कोणी मनाला लावून घ्यायचं थांबवलेलं नाही. शेवटचं आलं २००९ साली, मी इथे येऊन वर्षही झालं नव्हतं. कॉर्नेलविरुद्धची फायनल आम्ही शेजारच्या घरी टीव्हीवर बघत होतो, शेवटची चार-पाच सेकंद उरली असताना बरोबरीचा गोल झाला, मग ओव्हरटाइममध्ये कोडी जेमिसनने मारला आणि दहा-नऊ! शेजारचे काका, सत्तरीच्या पुढचे, शाळेत असताना गोलकीपर होते, ते खुर्चीतून उठले नाहीत, नुसते डोळे पुसत बसले. त्या दिवसापासून मी या टीमची झाले ती झालेच.

२०२१ च्या जूनमध्ये जॉन डेस्को निवृत्त झाले. लक्षात घ्या, हे डेस्को स्वतः एकोणीस वर्षं असिस्टंट होते, रॉय सिमन्स ज्युनियरच्या हाताखाली, आणि मग १९९९ पासून हेड कोच होऊन त्यांनी पाच विजेतेपदं आणली. म्हणजे या गावाला असिस्टंट कोच काय चीज असते ते चांगलं ठाऊक आहे. त्यांच्या जागी आला गॅरी गेट, ज्याने १९८८ च्या सेमीफायनलमध्ये गोलच्या मागून उडी मारून हवेतूनच चेंडू आत टाकला होता, आणि ज्याचं नाव इथे आपल्याकडे सचिनचं घेतात तसं घेतात. इथपर्यंत सगळे खूश होते. आणि थोड्याच दिवसांत बातमी आली की बचावाचा कोच म्हणून डेव्ह पिएट्रामाला येतोय.

मंडळी, आम्हाला ही बातमी कशी लागली ते तुम्हाला कळावं म्हणून सांगते. पिएट्रामाला म्हणजे जॉन्स हॉपकिन्स. बाल्टिमोरची ही टीम आमची जुनी वैरी, त्यांची नऊ विजेतेपदं, आमची दहा, अनेक वर्षं हा खेळ म्हणजे या दोघांचंच भांडण होतं. हा माणूस तिथे बचावात खेळला, १९८७ चं विजेतेपद खेळाडू म्हणून जिंकला, मग तिथेच वीस सीझन हेड कोच राहिला, २००५ ची टीम तर एकही मॅच न हरता जिंकली, २००७ ला पुन्हा. आणि १९८९ ची फायनल, सिराक्यूज तेरा, हॉपकिन्स बारा, त्यात एका बाजूला गेट आणि दुसऱ्या बाजूला हाच पिएट्रामाला. २०२० मध्ये त्याची आणि हॉपकिन्सची वाट वेगळी झाली, आणि बत्तीस वर्षांपूर्वी ज्याच्या टीमला गेटने हरवलं होतं त्याच माणसाला त्याने आपल्या शेजारी उभं केलं.

मग काय विचारता! त्या उन्हाळ्यात मी जिथे जाईन तिथे हाच विषय. केस कापायला गेले तरी तेच, मुलाच्या शाळेच्या पार्किंगमध्ये तेच. एक गट म्हणायचा, या देशात बचाव त्याच्याइतका कोणाला कळत नाही, मग तो कुठल्या रंगाचा शर्ट घालून मोठा झाला याच्याशी काय करायचंय. दुसरा गट म्हणायचा, आपल्या बाकावर हॉपकिन्सचा माणूस बसलेला बघवणार नाही, आणि हे म्हणणारे खरंच दुखावलेले होते, मी एकाच्या डोळ्यात पाणी बघितलंय, तेव्हा त्यांना हसायचं काही कारण नाही. तिसरं म्हणणं मला सगळ्यात वजनदार वाटलं होतं, की वीस वर्षं ज्याने स्वतः टीम चालवली तो दुसऱ्याच्या हाताखाली किती दिवस टिकेल? एका म्यानात दोन तलवारी. यावर पहिला गट गेटचंच उदाहरण द्यायचा, तो स्वतः एवढा मोठा खेळाडू, तरी मेरीलँडच्या मुलींच्या टीमला नऊ वर्षं असिस्टंट म्हणून राहिला आणि त्या काळात त्या टीमने १९९५ ते २००१ अशी ओळीने सात विजेतेपदं काढली, हाताखाली राहण्यात कमीपणा असता तर राहिला असता का? हेही खोटं नव्हतं.

मी त्या वेळी कोणत्या गटात होते? खरं सांगते, पहिल्या. मला वाटलं मोठं नाव आलंय, आता काळजी नाही.

आणि मग २०२२ चा सीझन आला. चार जिंकल्या, दहा हरलो. सिराक्यूजच्या एवढ्या मोठ्या इतिहासात एका सीझनला दहा हार कधी झाल्या नव्हत्या. सीझन संपला आणि त्याच वर्षी पिएट्रामाला नॉर्थ कॅरोलिनाला गेला, बचावाचाच कोच म्हणून. म्हणजे तिसऱ्या गटाचं बरोबर ठरलं म्हणायचं. पण बरोबर ठरल्याचा आनंद कोणालाच नव्हता.

इथे मला जरा थांबून शेजारच्या काकांबद्दल सांगू द्या, कारण त्या वर्षी मला जे शिकायला मिळालं ते त्यांच्यामुळे. फेब्रुवारीत सीझन सुरू होतो, बाहेर उणे दहा, आत डोममध्ये, म्हणजे कॉलेजच्या छप्परवाल्या स्टेडियममध्ये, गर्दी तुरळक, आणि आम्ही दोघं बरोबर गोलच्या मागे खालच्या ओळीत बसलेलो. मी वैतागून म्हटलं, काका, आज काय खेळतायत हे! ते म्हणाले, डोळे मिट आणि दोन मिनिटं ऐक. मी मिटले. पहिल्यांदा नुसता कालवा. मग हळूहळू एकेक आवाज वेगळा व्हायला लागला. गोलकीपर चेंडू कुठे आहे ते सतत ओरडून सांगत असतो, वर मधे, वर उजवीकडे, मागे एक्सवर. एक्स म्हणजे गोलच्या मागची जागा. चेंडूवाल्याला धरलेला पोरगा एकटा नसतो, त्याच्या मदतीला पहिला कोण जाणार तो ओरडतो, ‘आय एम हॉट’. तो गेला की त्याची जागा कोण भरणार तो ओरडतो, ‘आय गॉट टू’. आणि चेंडू गोलसमोर कोणाकडे उडाला की गोलकीपर जिवाच्या आकांताने ‘चेक’ म्हणतो आणि सगळ्यांच्या काठ्या एकदम समोरच्याच्या काठीवर पडतात, खाट खाट खाट.

माझ्या अंगावर काटा आला, कारण हे मला माहीत होतं! मी कॉलेजात कबड्डी खेळलेय, डाव्या कोपऱ्यात. चढाई करणारी आली की आमची साखळी अशीच बोलायची, ‘आत ये’, ‘सोड सोड’, ‘धर!’ आणि आमच्या बाई सांगायच्या, हात धरलाय म्हणून साखळी होत नाही, आवाज धरला की होते. सांगलीच्या मातीत ऐकलेलं वाक्य मला बर्फाच्या गावात अर्ध्या पृथ्वीपलीकडे परत ऐकू आलं.

आणि त्या २०२२ च्या सीझनमध्ये डोळे मिटून ऐकलं ना, तर माझ्या कानाला असं वाटायचं की हाका आहेत, भरपूर आहेत, पण हाक आणि पाऊल यात अर्धा सेकंद पडतोय. पोरगा ‘हॉट’ म्हणतो, पण निघायच्या आधी एकदा मागे बघतो, की माझी जागा भरतील ना? तेवढ्या अर्ध्या सेकंदात समोरचा गोल करून मोकळा होतो. हे भित्रेपण नव्हे हो. ही पोरं अठरा ते बावीस-तेवीसची, त्यांना आधीच्या कोचने एका पद्धतीने धावायला शिकवलंय, नवीन माणूस येऊन वेगळं सांगतो, तेही त्याला वीस वर्षं पाठ असलेलं आणि यांना वीस दिवसांचं. डोक्याने कळलेलं पायात उतरायला वेळ लागतो. काकांचं म्हणणं असं होतं की कोच कितीही मोठा असला तरी पोरांचा एकमेकांवरचा भरवसा तो सुटकेसमध्ये घालून आणू शकत नाही, तो इथेच पिकवावा लागतो, आणि एका सीझनमध्ये पीक येतंच असं नाही.

मला हे पटलं, पूर्णपणे पटलं, आणि म्हणून आम्ही चाहते जे करतो त्याबद्दल मला आज बोलावंसं वाटलं. आम्ही नावावर भांडतो. नाव मोठं की छोटं, आपलं की परकं. असिस्टंट कोचचं काम मात्र नावाच्या पाटीखाली दिसत नाही, ते मंगळवारच्या रिकाम्या मैदानावर होतं. असिस्टंटच मॅचचे व्हिडिओ कापून कापून रात्री पोरांना पाठवतो, असिस्टंटच हायस्कूलच्या मुलांना बघायला गावोगाव गाडी मारतो. २०२३ पर्यंत तर नियमाप्रमाणे हेड कोचसोबत पगारी असिस्टंट दोनच ठेवता यायचे, चौथा माणूस व्हॉलंटियर, म्हणजे काम पूर्ण आणि कॉलेजकडून पगार नाही. आता ती बिनपगारी पद्धत बंद केलीय, फार चांगलं झालं, फार आधी व्हायला हवं होतं. ज्या माणसाच्या नावावरून आपण महिनाभर वाद घालतो तो दिवसभर काय करतो हे आपल्याला माहीत तरी हवं ना.

पिएट्रामालाच्या जागी जॉन ओडिएर्ना आला. त्याच्यामागे हॉपकिन्सचं वलय नव्हतं, बत्तीस वर्षांची गोष्ट नव्हती, आणि लगेच पार्किंगमध्ये सुरू, हा कोण, याला का घेतला? मी या वेळी गप्प बसले. डोममध्ये जाऊन ऐकत राहिले. २०२३ ला आठ जिंकल्या, सात हरलो. २०२४ ला बारा जिंकल्या, क्वार्टरफायनलपर्यंत गेलो. कुठल्या मॅचला ते आठवत नाही, पण एकदा काकांनी माझ्या हातावर थोपटलं आणि म्हणाले, ऐकलंस? ऐकलं होतं. ‘हॉट’ आणि पाऊल एकाच वेळी. मागे वळून बघणं गेलं होतं.

आता कोणी म्हणेल, बाई, हे सगळं एका कोचचं श्रेय कसं? नाहीच. पोरं मोठी झाली, काही नवी आली, नशीबही लागतं. आणि पहिल्या वर्षी पेरलेलं काहीच उगवलं नसेल असंही मी म्हणणार नाही, पिएट्रामालाने शिकवलेल्यातलं कोणाच्या पायात किती राहिलं ते कोण मोजणार.

२०२५ ला आमची टीम कॉन्फरन्स, म्हणजे आमच्या गटातल्या कॉलेजांची स्पर्धा, जिंकली आणि २०१३ नंतर पहिल्यांदा शेवटच्या चारात गेली. क्वार्टरफायनल प्रिन्स्टनशी, एकोणीस-अठरा. जिंकलो! घरात आरडाओरडा, मुलगा सोफ्यावर उभा, आणि दहा मिनिटांत फोनवर पहिला मेसेज काय आला असेल? अठरा गोल खाल्ले, बचावाच्या कोचचं काय करायचं? सेमीफायनलला मेरीलँडने आम्हाला चौदा-आठ हरवलं, तेव्हा तर विचारूच नका, अख्खा उन्हाळा तोच वाद परत.

मी काकांना विचारलं, तुम्हाला काय वाटतं? ते आता फारसं बाहेर पडत नाहीत, ऐकूही कमी येतं, एका कानाला मशीन आहे. टीव्हीवर कॉमेंटेटर बोलत राहतात, मैदानातल्या हाका येत नाहीत, त्यामुळे त्यांनी मत द्यायलाच नकार दिला. म्हणाले, फेब्रुवारीत तू गोलच्या मागे बसशील ना, मग मला फोन लाव आणि तो खाली पोरांच्या दिशेने धर.