मिनिटाला श्वास किती?

नमस्कार श्रोतेहो.

आपत्कालीन वैद्यकीय मदतनिसांच्या वर्गात मी पहिल्याच आठवड्यात एक खोडी काढतो. एकाला रुग्ण बनवून झोपवतो, मिनिटाला 28 श्वास घे म्हणून त्याच्या कानात सांगून ठेवतो आणि दुसऱ्याला तपासायला पाठवतो. तपासून झालं की विचारतो, श्वास किती? बहुतेक वेळा उत्तर येतं, "सर, 16."

हे 16 येतं पुस्तकातून. स्वस्थ बसलेल्या प्रौढ माणसाचे श्वास मिनिटाला 12 ते 20, त्याच्या मधोमध 16. मोजलेले कुणीच नसतात. शिकाऊ असताना मीही हेच करायचो, त्यामुळे फार रागावता येत नाही.

झटपट तपासणी म्हटलं की नव्या मुलांच्या हातांना घाई सुटते. घाई नको, क्रम पाळा, एवढंच मी सांगत असतो. जे आधी जीव घेईल त्याला आधी हात घालायचा. या क्रमामागे एक दुःखद घटना आहे. 1976 साली अमेरिकेतल्या नेब्रास्कात जेम्स स्टायनर नावाचे अस्थिरोगतज्ज्ञ स्वतः चालवत असलेलं छोटं विमान शेतात कोसळलं. पत्नी गेली, मुलं जबर जखमी झाली. जवळच्या रुग्णालयात मुलांवर जे उपचार झाले, ते पाहून ते हादरले. तिथल्या लोकांना आधी काय करायचं हेच कुणी शिकवलेलं नव्हतं. त्यातून सहकाऱ्यांसह त्यांनी डॉक्टरांसाठी एक अभ्यासक्रम उभा केला, आणि 1980 मध्ये अमेरिकेच्या शल्यचिकित्सकांच्या संघटनेने तो स्वीकारला. आज जखमी माणसाजवळ बसणारा मदतनीसही त्याच विचाराने हात चालवतो.

अर्थात त्याआधी जागा पाहायची. तुटलेली वीजतार, गॅसचा वास, अंगावर येणारी वाहनं. मदतनीसच आडवा झाला तर रुग्ण दोन होतात.

मग जवळ जाता जाता नजर कामाला लागते. माणूस पांढराफटक पडलाय का? दरदरून घाम फुटलाय का? रक्ताची धार लागली असेल तर बाकी सगळं बाजूला, आधी ती दाबायची. हातापायाची धार दाबून थांबत नसेल तर पट्टा आवळायचा आणि आवळल्याची वेळ लिहून ठेवायची. रक्त नेहमी समोर दिसतंच असं नाही. हातमोजे घालून पाठीखाली हात फिरवायचा आणि बाहेर काढून मोज्यांकडे पाहायचं.

आता माझा आवडता प्रश्न: "काय झालं हो?" साधा प्रश्न, पण माणूस नीट उत्तर देतो तेव्हा कळतं की श्वासाची वाट मोकळी आहे, हवा आत-बाहेर जातेय आणि मेंदूला रक्त पोचतंय. दोन शब्द बोलून थांबतो, पुन्हा दोन शब्द, तेव्हा दम लागलाय हे उपकरणाशिवाय समजलं. उत्तरच आलं नाही तर खांद्याला हलवून हाक मारायची. तरीही हालचाल नाही, तर छातीकडे पाहायचं, जास्तीत जास्त 10 सेकंद. इथे एक फसगत होते. हृदय बंद पडलेला माणूस थोडा वेळ आचके देतो, तोंड उघडतो-मिटतो, घरघरतो. नातेवाईक म्हणतात, "श्वास चालू आहे." तो श्वास धरायचा नाही, तिथे छातीवर दाब सुरू करायचे.

आणखी एक. अपघातात जो सर्वांत मोठ्याने ओरडतो, त्याच्याकडे सगळे धावतात. ओरडणाऱ्याचा श्वास निदान चालू तरी असतो. मी आधी कोपऱ्यात गप्प पडलेल्याकडे जातो, आणि त्यासाठी ओरडणाऱ्याच्या नातेवाइकांच्या शिव्याही खाल्ल्या आहेत.

नाडी मनगटावर. किती ठोके हे नंतर. आधी लागते का, जोर कसा आहे, हात गार पडलाय का. नख दाबून सोडायचं, दोन सेकंदांत गुलाबी रंग परतायला हवा. थंडीत मात्र ही खूण दगा देते.

आता श्वासाकडे परत येतो, कारण सगळ्यात जास्त टाळाटाळ तिथेच होते. "तुमचे श्वास मोजतो" म्हटलं की कुणाचाही श्वास बदलतो. म्हणून मनगट धरूनच ठेवायचं, नाडी पाहतोय असं भासवायचं आणि नजर छातीवर. अर्धा मिनिट मोजायचं, दुप्पट करायचं. लय विस्कटलेली असेल तर पूर्ण मिनिट. गोंधळात ते मिनिट फार लांब वाटतं, पण रक्तदाब ढासळण्याआधी बहुधा श्वासच वाढलेला असतो.

मोजणी एकदा करून भागत नाही. प्रकृती अस्थिर असेल तर दर पाच मिनिटांनी पुन्हा. शेवटच्या परीक्षेत मी एक कागद देतो: दम्याचा रुग्ण, आधी श्वास 34, घाबराघुबरा, बसून धापा टाकतोय. दहा मिनिटांनी श्वास 14, शांत, डोळे मिटू लागलेले. काय कराल? पुष्कळ जण लिहितात, "सुधारणा आहे, निरीक्षण चालू ठेवू." एखादीच मुलगी पेन्सिल खाली ठेवून विचारते, "सर, हा थकलाय ना?" आणि माझ्या उत्तराची वाट न पाहता श्वास द्यायची पिशवी हातात घेते.